सेवा तात्पुरती स्थगित

२७ जुलै २०२४, शनिवार

हर्षितानं नोकरी सोडली हे मला आज कळलं. सोडून तीन आठवडे झाले. सुजाताला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणजे सलग तीन रविवार मुलगी जर्सी सिटीहून जेवायला आली, मायलेकी माझ्यासमोर बसून हवापाण्याच्या गप्पा मारत राहिल्या आणि मी मूर्खासारखा "लॅब कशी चाललीये?" विचारत राहिलो.

म्हणून ही वही परत काढली. या घरात माझ्याशी खरं बोलणारं दुसरं कुणी उरलेलं दिसत नाही.

एकोणतीस वर्षांची मुलगी. औषधांच्या संशोधनातली चांगली जागा सोडून आता वायोमिंगला चालली आहे. विंड रिव्हर नावाच्या डोंगररांगेत नऊ दिवस, पाठीवर तंबू बांधून, एकटी. मी नकाशा काढून पाहिला. ती गाडी जिथे लावणार तिथून पुढे मोबाइलला सिग्नलच नाही.

"पण कशासाठी?" मी विचारलं.

"बिकॉज आय वाँट टू, बाबा."

हे काय उत्तर झालं? आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी हौसेनं चाललेलं नाही. माझे वडील वर्ध्याकडून नागपूरला पायी आले ते गिरणीत काम मिळेल म्हणून. मी नागपुरातल्या इंदोऱ्याहून कॉलेजात पायी जायचो ते सायकल नव्हती म्हणून. हे चालणं संपावं यासाठी मी शिकलो. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आय नो. तू सांगितलंयस." टीव्हीवरची जाहिरात पुन्हा लागली की माणूस जसं बोलतो, तशा आवाजात.

२ ऑगस्ट, शुक्रवार

निदान यंत्र माझ्या पसंतीचं घेतलं. सॅटेलाइट मेसेंजर. तळहातात मावतं. उपग्रहामार्फत छोटे मेसेज जातात, येतात. बाजूला झाकणाखाली एसओएसचं बटण. ते दाबलं की चोवीस तास चालणाऱ्या मदत केंद्राला जागा कळते आणि केंद्र तिथल्या शेरीफला कळवतं. ती म्हणत होती, मी भाड्यानं घेते. मी नाही म्हटलं. एकतीस वर्षं टेलिकॉममध्ये काढली आहेत, हे काम मला येतं. अकाउंट माझ्या नावावर, पासवर्ड माझा.

"घेऊ दे गं त्यांना," सुजाता तिला म्हणाली. "तेवढंच त्यांच्या हातात आहे."

हे वाक्य मला आवडलं नाही.

तिचा फोन जुना, त्याला उपग्रहाची सोय नाही. म्हणजे सगळी मदार या एका यंत्रावर. एकाच गोष्टीवर भरवसा ठेवू नये, हे तिला सांगून पाहिलं. म्हणून अटी कागदावर लिहून घेतल्या. रोज संध्याकाळी एक मेसेज. दिवसभर दर दहा मिनिटांनी यंत्रानं तिची जागा नकाशावर पाठवायची. यावर तिनं अर्धा तास भांडण केलं. बॅटरी जाते, आणि "इट फील्स लाइक यू आर वॉकिंग बिहाइंड मी." शेवटी मान्य केलं. तिसरी अट तिनं आपणहून घातली: यंत्र बंद पडलं किंवा मेसेज जाईनासे झाले, तर पुढे न जाता तिथूनच परत फिरायचं.

"प्रॉमिस?" मी विचारलं.

"प्रॉमिस. मी मूर्ख नाहीये, बाबा."

सही केली. अंगणात उभं राहून तिनं पहिला मेसेज पाठवला. मला यायला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागली. झाडाखालून सव्वापाच मिनिटं. मी हे लिहून ठेवत होतो तेव्हा दोघी हसत होत्या.

५ ऑगस्ट, सोमवार

निघाली. सकाळी साडेनऊला नकाशावर पहिला ठिपका आला. मी जेवणाचं ताट कॉम्प्युटरपाशीच घेतलं. संध्याकाळी मेसेज: "कॅम्प लावला. ऑल गुड." एवढंच. इतक्या दूरवरून बापाला चार शब्द.

७ ऑगस्ट, बुधवार

आज दुपारी ठिपका एकाच जागी पन्नास मिनिटं. मी विचारलं, काय झालं? उत्तर नाही. परत विचारलं. पाय मुरगळला का? कुणी आहे का आसपास? पाणी गाळून पितेस का? एकूण अकरा मेसेज पाठवले. मी मोजले नव्हते, हा आकडा तिनंच मला कळवला.

"बाबा, अकरा मेसेजेस. मी जेवत होते. आय केम हिअर टु नॉट हॅव धिस. ट्रॅकिंग बंद करतेय. रोज एक मेसेज मिळेल. प्लीज स्टॉप."

त्यानंतर ठिपका नाही. नकाशा तसाच उघडा आहे. शेवटच्या ठिपक्याभोवती नुसते डोंगर.

कागदावर सही केलेली अट मोडायला तिला तीन दिवस लागले. मी सुजाताला मेसेज दाखवला. ती म्हणाली, "बरोबर बोलली."

८ ऑगस्ट, गुरुवार

रात्रभर विचार केला होता, आज ठरवलं. सगळं व्यवस्थित नोंदवून ठेवतो, म्हणजे मी रागाच्या भरात काही केलं असं कुणी म्हणायला नको.

तिनं अट मोडली. पण तिसरी अट अजून शिल्लक आहे, ती तिचीच आहे आणि ती पाळेल. हर्षिता आडमुठी आहे, खोटारडी नाही. मेसेज जाईनासे झाले की ती मागे फिरेल. आज चौथा दिवस. आलेल्या वाटेनं परत यायला तीन दिवस. अकरा तारखेला दुपारी ती गाडीपाशी असेल, रस्त्यावर येऊन मला फोन करेल, आणि मग आपण नीट बोलू.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी अकाउंटमध्ये जाऊन "सेवा तात्पुरती स्थगित करा" दाबलं. साइटनं एक वाक्य दाखवलं: स्थगितीच्या काळात मेसेज, लोकेशन आणि एसओएस यांपैकी काहीही चालणार नाही, हे मला समजलं आहे. पुढे चौकोन. मी टिक केलं. मला समजलंच होतं. अशी वाक्यं लिहिण्यात माझी अर्धी नोकरी गेली आहे.

तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. हवामानाचा अंदाज पाहूनच केलं. पाऊस नाही.

सुजाताला सांगितलं नाही. ती उगाच घाबरेल.

९ ऑगस्ट, शुक्रवार

कालचा मेसेज आला नाही म्हणून सुजाता सकाळपासून फोन हातात घेऊन फिरते आहे.

"शेरीफला फोन करा."

"यंत्र बिघडलं असेल," मी म्हटलं. "ठरल्याप्रमाणे ती परत येत असेल. अकरा तारखेला दुपारी फोन येईल बघ."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला या यंत्रांचं माहीत आहे."

तिनं ऐकलं. तीस वर्षं दुरुस्त्या मी करतोय, ती ऐकते. आज वांग्याची भाजी चांगली झाली होती.

१० ऑगस्ट, शनिवार

फोन नाही. अपेक्षितही नव्हता.  सुजाता दुपारी गाडी घेऊन ग्रोसरीला गेली आणि रिकाम्या हातानं परत आली.

११ ऑगस्ट, रविवार

बारा वाजले, एक वाजला, तीन वाजले. हर्षिताचा फोन नाही.

साडेतीनला माझा फोन वाजला. वायोमिंगचा नंबर. तिचाच असणार म्हणून "किती वाजता पोचलीस?" असं मराठीतच बोललो. पलीकडून शेरीफच्या ऑफिसातला डेप्युटी बोलत होता. काल दुपारी मिसेस मेश्राम यांनी तक्रार नोंदवली होती, म्हणाला. हर्षिताची गाडी पार्किंगमध्येच आहे. त्या भागात जाणाऱ्या सगळ्यांना तिचं वर्णन दिलंय. आता हेलिकॉप्टरचं बघतोय. तिच्या सॅटेलाइट यंत्राचा नंबर हवा, म्हणजे कंपनीला विचारून शेवटची जागा काढता येईल.

सुजाता दारात उभी होती. ग्रोसरीच्या पार्किंगमधून तिनं फोन केला होता. मला न सांगता.

"नंबर खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, पाच मिनिटांत फोन करतो," मी डेप्युटीला सांगितलं. नंबर मला पाठ होता. त्या पाच मिनिटांत अकाउंट उघडून सेवा परत चालू केली, मग फोन केला आणि नंबर दिला.

हे मी का केलं ते नक्की सांगता येत नाही. तिनं यंत्र चालू केलं तर मेसेज जावा, हे एक कारण होतंच.

सेवा चालू होऊन सहा तास झाले. ठिपका नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

विमानात लिहितो आहे. डेन्व्हरला उतरून पुढचं छोटं विमान. सुजाता खिडकीपाशी बसली आहे, मधली सीट रिकामी आहे. मी मधे सरकलो तेव्हा तिनं पर्स माझ्या आणि तिच्या मधे ठेवली.

डेन्व्हरला उतरल्यावर: सापडली. जिवंत आहे. डेप्युटीचा फोन सुजातानं घेतला आणि तिथेच, लोक सामान घेऊन जातात त्या वाटेवर खाली बसली. लोक वळसा घालून जात होते. मी तिला उठवायला गेलो तर तिनं हात झटकला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

हॉस्पिटल. उजव्या पायाचं गुडघ्याखालचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत सळई घातली. हाताची सालटी गेली आहेत. ओठ फुटलेत. तीन रात्री उघड्यावर काढल्या, त्यातली पहिली तंबूशिवाय, कारण सॅक तिच्यापासून वीस फूट खाली जाऊन पडली होती. दुसऱ्या दिवशी पाय ओढत तिथवर गेली.

खेचरांवरून लोकांचं सामान डोंगरात पोचवणारी डार्लीन नावाची साठीची बाई आहे. शेरीफच्या ऑफिसनं तिला वर्णन दिलं होतं म्हणून ती नेहमीची वाट सोडून वरच्या खिंडीकडून गेली. तिथे शिटी ऐकू आली. डार्लीन काल रात्रीही हॉस्पिटलात थांबली होती. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमची मुलगी हुशार आहे. शिटी तीनदा, मग थांबायचं, मग तीनदा. घाबरलेली माणसं सलग फुंकतात आणि दमतात."

मी आभार मानले. तिच्या बुटांना लिदीचा वास येत होता.

१४ ऑगस्ट, बुधवार

आज हर्षिता नीट बोलली.

आठ तारखेच्या संध्याकाळी मेसेज जाईना. तिला वाटलं डोंगर आड येतोय. नऊ तारखेला सकाळी उघड्या माळावर जाऊन तासभर प्रयत्न केला. मग परत फिरली.

"तू काळजी करशील म्हणून शॉर्टकट घेतला. ओव्हर द पास. एक पूर्ण दिवस वाचला असता. दगड सुटे होते. आय न्यू इट वॉज स्टुपिड, पण मला वाटलं, बाबा वेडा झाला असेल तिकडे."

मी तिच्या पायावरची चादर सरळ केली.

"आणि मग मी एसओएस दाबलं. इट जस्ट सेड सेंडिंग, सेंडिंग. बंद केलं, चालू केलं, परत दाबलं. फोर्टी-वन टाइम्स. आय काउंटेड, बिकॉज काहीतरी करायला हवं होतं. दहा तारखेला रात्री बॅटरी मेली."

डेप्युटी तिथेच होता. त्यानं यंत्र चार्ज करून तपासलं होतं. "आता तर नीट चालतंय," तो म्हणाला. "विचित्र आहे. तुमचा काय अंदाज? तुम्ही या क्षेत्रातले ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"ही यंत्रं कधी कधी असं करतात," मी म्हटलं.

हर्षितानं डोळे मिटले. "यू वेअर राइट, बाबा. तू म्हणत होतास एका गोष्टीवर भरवसा ठेवू नको. मी तुझं ऐकायला हवं होतं."

ही मुलगी चौदा वर्षांची झाल्यापासून मी हे वाक्य ऐकण्याची वाट पाहत होतो.

२९ ऑगस्ट, गुरुवार

हर्षिता इथेच आहे, खालच्या खोलीत. जर्सी सिटीच्या तिच्या घराला जिने आहेत. कुबड्यांवर स्वयंपाकघरापर्यंत येते. माझ्याशी इतकी मऊ कधीच नव्हती. मी फळं कापून देतो, ती थँक्यू म्हणते. काल मी व्यायामासाठी रबराचा पट्टा धरून बसलो होतो तेव्हा म्हणाली, "आपण आधी असे का नव्हतो?"

सुजाता माझ्याशी कामापुरतं बोलते.

८ सप्टेंबर, रविवार

हर्षिता कंपनीला तक्रार लिहिते आहे. लॅबमधल्या रिपोर्टसारखी, वेळांसकट. "दुसऱ्या कुणाला असं व्हायला नको." मी म्हटलं, सोड, आधी पाय बरा होऊ दे. कंपन्या दाद देत नाहीत. तर म्हणाली, अकाउंट तुझ्या नावावर आहे, त्यामुळे तूच पाठव.

पाठवतो म्हटलं. पाठवली नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सुजाता आज कपड्यांच्या घड्या घालताना एकदम बोलली. माझ्याकडे न बघता.

"नऊ तारखेला तुम्ही पोटभर जेवले. मी बघत होती."

"मग? उपाशी राहून काय होणार होतं?"

"भाजी मागून घेतली परत. माझ्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं." ती चिडली की नागपूरची होते. "काहून एवढे शांत होते तुम्ही?"

मी म्हटलं, घरात कुणीतरी शांत राहावं लागतं. तिनं टॉवेलची घडी मोडून परत घातली. मला वाटतं ती दमली आहे. दीड महिना सेवा करते आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

एडिसनच्या हॉलमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम. वंदना झाली, मुलांची भाषणं झाली. जेवणाच्या रांगेत एकनाथ होता. अमरावतीचा, माझा पंचवीस वर्षांचा मित्र. आवाज मोठा, मागेपुढे वीस माणसं ऐकत होती.

"ईश्वरनं स्वतः सेट केलेलं यंत्र फेल गेलं! एकतीस वर्षं टेलिकॉममध्ये काढलेला माणूस! मग तुमची आमची काय कथा? ही सगळी मनाची समजूत असते."

मी पोळी घेतली.

"आमच्या ओजसला सांगितलं मी हे. दरवर्षी ऑक्टोबरात न्यू हॅम्पशायरला जातो ना तो, व्हाइट माउंटन्सला, एकटाच. त्याच्याकडेही तसलंच होतं. त्यानं विकून टाकलं. म्हणाला, काकांचं चाललं नाही तर माझं काय चालणार, वजन तरी कमी. येत्या गुरुवारी चाललाय. वर बर्फ पडायला लागलाय म्हणे."

सुजाता माझ्या शेजारी होती. एकनाथकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "यंत्र असलेलं बरं."

"आता तू सांगणार?" एकनाथ हसला. रांग हसली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

ओजस, एकनाथचा मुलगा, चौतीस वर्षांचा आहे, बॉस्टनला असतो. स्वतःचं बरं-वाईट त्याला कळतं. कुणी काय विकावं हे मी सांगितलेलं नाही.

वर शून्याखाली तापमान. तासाला ऐंशी मैल वारा. दोनदा पाहिलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी ओजसला फोन केला. सुजाता बाहेर गेल्यावर.

आधी नुसतं म्हटलं, दुसरं यंत्र घे. तो सभ्यपणे म्हणाला, "काका, आय अप्रिशिएट इट. पण हर्षिताचं काय झालं बघितलं ना. खोटा भरवसा असण्यापेक्षा नसलेला बरा."

"तिचं यंत्र चालू होतं."

"म्हणजे?"

"यंत्रात काही बिघाड नव्हता. सेवा मी बंद केली होती. अकाउंटमधून."

"चुकून?"

हो म्हणता आलं असतं. तो विश्वास ठेवायलाही तयार होता.

"नाही. ती परत यावी म्हणून."

 मागे त्याच्या ऑफिसातलं कुणीतरी हसत होतं.

"व्हाइल शी वॉज आउट देअर?"

"हो."

"हर्षिताला माहीत आहे?"

"नाही."

"आज सांगा, काका. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन. आय मीन इट."

"तू यंत्र नेशील ना?"

"नेईन. पण तुमच्या सांगण्यावरून नाही."

आजवर या मुलानं माझ्याशी या स्वरात बोलायची हिंमत केली नव्हती.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सांगितलं. स्वयंपाकघरात. ती पाय खुर्चीवर ठेवून बसली होती, सुजाता कणीक मळत होती. मी उभ्यानंच बोललो. तयारी केलेली वाक्यं होती, त्यातली दोनच आली.

हर्षितानं प्रश्न विचारले. लॅबमधल्यासारखे.

"किती वाजता?"

"चार दहा."

"आपल्या टाइमनं?"

"हो."

"म्हणजे तिकडे दोन दहा." तिनं आठवून पाहिलं. "मी लेकवर होते. पाण्यात पाय सोडून बसले होते. आय वॉज सो हॅपी, बाबा."

सुजाताचे हात परातीत थांबले होते.

"मी त्या दिवशी सातला मेसेज लिहिला होता. जो गेला नाही. त्यात काय होतं माहितीये? लेक ब्युटिफुल आहे. उद्यापासून ट्रॅकिंग ऑन करते."

मी खुर्ची ओढून बसायला गेलो. "प्लीज, बसू नका," ती म्हणाली.

बसू नका. एकोणतीस वर्षं ती मला तू म्हणत आली आहे.

"मी परत फिरले, कारण मी प्रॉमिस केलं होतं. यू न्यू आय वुड. तुम्ही त्यावरच... तुम्ही माझं प्रॉमिस वापरलं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बोलता आलं असतं. "आणि हॉस्पिटलमध्ये मी तुम्हाला म्हटलं, यू वेअर राइट. तुम्ही ते ऐकून घेतलं. दोन महिने माझी फळं कापलीत."

"मला भीती वाटत होती."

"मला पण. तीन रात्री."

मी सुजाताकडे पाहिलं. तिनं हात धुतले, पुसले, आणि हर्षिताच्या कुबड्या आणून दिल्या.

"मला वाटतच होतं," ती मला म्हणाली. "विचारायची हिंमत झाली नाही. ते माझ्यावर राहील."

तासाभरानं दोघी गेल्या. हर्षिताला तळमजल्यावर राहणारी एक मैत्रीण आहे, तिच्याकडे. बॅगा मी गाडीपर्यंत नेल्या. त्यांनी अडवलं नाही.

मळलेली कणीक तशीच परातीत आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

ओजस सुखरूप परतला. वादळात अडकला होता, दोन संध्याकाळी घरी मेसेज पाठवले. हे एकनाथच्या बायकोनं सुजाताला कळवलं, सुजातानं मला दोन ओळींत.

एकनाथला मी आज सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चुकतं रे बापाचं कधी कधी. मुलं समजून घेत नाहीत." माझी बाजू घेणारा तो पहिला माणूस. मला त्याचा एवढा राग आला की मी फोन ठेवून दिला.

३ नोव्हेंबर, रविवार

सुजाता बुधवारी घरी आली. वरच्या खोलीत झोपते. तिनं मला समोर बसवून शेरीफच्या डेप्युटीला पत्र लिहायला लावलं: यंत्रात दोष नव्हता, सेवा खातेदारानं स्थगित केली होती, मी तुमच्याशी खोटं बोललो. खाली माझं नाव. मी "गैरसमजातून" असा शब्द घातला होता. तिनं तो खोडायला लावला.

उत्तर आलं नाही. येणारही नाही बहुतेक.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी अकराला हर्षिताचा फोन आला. महिन्यानंतर. स्क्रीनवर नाव दिसलं तेव्हा मी जिन्यात होतो, तिथेच बसलो.

"हॅलो. यंत्र माझ्या नावावर करायचंय. तुमच्या अकाउंटमधून रिलीज करावं लागेल. तुम्ही कॉम्प्युटरपाशी आहात का?"

"पाय कसा आहे?"

"कॉम्प्युटरपाशी आहात का?"

मी गेलो, अकाउंट उघडलं. साइटनं यंत्रावरचा नंबर मागितला. यंत्र तिच्याकडे होतं. नंबर मला अजून पाठ होता, पण ती वाचू लागली म्हणून मी ऐकत गेलो. पंधरा आकडे. ती तीन-तीन आकडे वाचायची आणि थांबायची, मी म्हणून दाखवायचो. तीन शून्य चार. तीन शून्य चार. मधे एकदा तिला खोकला आला, तेव्हा मी वाट पाहिली. लहानपणी ती अशीच पाढे म्हणून दाखवायची, तेव्हा ऐकणारा मी होतो.

शेवटचा आकडा सात. मी सात म्हटलं.

"आणखी एक," ती म्हणाली. "इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये तुमचं नाव आहे ते आपोआप जाईल. आई आणि डार्लीन राहतील. त्यासाठी तुम्हाला काही करायचं नाहीये."

"बरं."

मी बटण दाबलं. नकाशाचं पान बदललं. दाखवण्यासाठी एकही यंत्र नाही, असं त्यावर आलं.

"झालं," मी म्हटलं.

"आलं माझ्याकडे. ओके."

ती परत जाणार, हे आता स्पष्टच होतं. बर्फ वितळल्यावर असेल, त्याआधीही असेल. मी विचारलं, "कुठे जाणार आहेस?"

पलीकडे काही आवाज नव्हता. तिनं फोन ठेवला होता की ती ऐकत होती, ते कळेना. हॅलो म्हटलं असतं तर कळलं असतं. मी म्हटलं नाही. फोन कानाला लावून तसाच बसलो.